दुखवले, दुखावले आणि 'तसा हेतू नव्हता'

प्रश्न असा आहे. अमेरिकेतल्या मोटारशर्यतीबद्दलच्या एका अनुवादात वाक्य आले: 'गॅरेजमध्ये गळफास आढळल्याने कृष्णवर्णीय चालकाच्या भावना दुखावल्या.' दोनच ओळींनंतर लिहिले आहे की तो बांधणाऱ्याच्या मनात तसे काही नव्हते. विचारणाऱ्याचे म्हणणे, हेतूच नव्हता तर 'दुखावल्या' हे क्रियापद बसते कसे? 'दुखवणे' आणि 'दुखावणे' यांत फरक तो काय? आणि जाता जाता, अशा फासाला 'वर्णद्वेषी चिन्ह' म्हणावे का?

क्रियापदापासून सुरुवात करू. मूळ धातू 'दुखणे', तो अकर्मक: डोके दुखते, दाढ दुखते. त्याचे प्रयोजक रूप 'दुखवणे', जुन्या लेखनात 'दुखविणे'. 'मी त्याला दुखवले' म्हटले की करणारा मी, सोसणारा तो, सगळे चोख. 'दुखावणे'चा स्वभाव वेगळा. खेळाडूचा गुडघा दुखावला, बोट दुखावले, मन दुखावले. गुडघा कोणी दुखावला असे कुणी विचारत नाही. दुखापत झाली एवढीच बातमी ते वाक्य देते, कुणाकडे बोट दाखवत नाही. हल्ली 'त्याने तिला दुखावले' असे सकर्मकही सर्रास बोलतात, लिहितात. ते चूक आहे असे मी म्हणणार नाही, वापर केव्हाच रुळला आहे. पण 'मुळे' किंवा 'ल्याने' लावून पुढे 'भावना दुखावल्या' आले की ते अकर्मकच असते. तेव्हा वाक्य व्याकरणाने बिनचूक आहे. 'भावना दुखवल्या' असते तर प्रश्न विचारायला जागा होती.

खरे तर मराठीला हा फरक 'दुखावणे'पेक्षाही चांगला कळतो तो 'लागणे'मध्ये. धक्का दिला आणि धक्का लागला. टोमणा मारला आणि टोमणा लागला. 'लागणे'मध्ये ज्याला लागले तो 'ला' प्रत्यय घेऊन पुढे येतो आणि करणारा वाक्यातून नाहीसा होतो: मला लागले, तिला लागले. गर्दीत कुणी कोलमडले की आपण आधी 'लागलं का?' असे विचारतो. 'मी मुद्दाम नाही दिला' हे त्याचे उत्तरच नव्हे. ते 'धक्का का दिलास?' या वेगळ्याच प्रश्नाचे उत्तर आहे, आणि तो अजून कुणी विचारलेलाही नसतो.

याच धातूचे तिसरे रूप मात्र फार बेरकी आहे: 'लावून घेणे'. 'एवढं मनाला लावून घेऊ नकोस' यात 'लागणे'चे प्रयोजक 'लावणे' झाले, त्याला 'घेणे' जोडले आणि बघता बघता कर्ता बदलला. ज्याला लागले तोच आता लावून घेणारा. प्रसंग एकच, क्रियापदे तीन: त्याने दुखवले, हा दुखावला, याने लावून घेतले. पहिल्यात दोष करणाऱ्याचा, दुसऱ्यात दोषाची गोष्टच नाही, तिसऱ्यात दोष सोसणाऱ्याचा. चिन्हांवरून होणारे बहुतेक वाद या तीन क्रियापदांच्या ओढाताणीत अडकलेले असतात. एक पक्ष 'दुखावलो' म्हणतो, दुसरा 'आम्ही दुखवले नाही' असे उत्तर देतो आणि तिथून 'तुम्हीच लावून घेता' इथे उतरायला वेळ लागत नाही.

आता तो फास. संबंधित घटना जून 2020 मधली, अलाबामातल्या टॅलाडेगाच्या शर्यतीची. नॅस्कार म्हणजे अमेरिकेत मोटारशर्यती भरवणारी संस्था. तिच्या सर्वांत वरच्या मालिकेत त्या वर्षी पूर्णवेळ धावणारा एकच कृष्णवर्णीय चालक होता, बब्बा वॉलेस. त्याने मागणी केली आणि 10 जूनला नॅस्कारने आपल्या मैदानांवर कॉन्फेडरेट झेंडा, म्हणजे यादवी युद्धात गुलामगिरी टिकवण्यासाठी लढलेल्या दक्षिणी राज्यांचा झेंडा, आणायला बंदी घातली. 21 जूनला त्याच्या चमूला दिलेल्या गॅरेजमधल्या चौथ्या क्रमांकाच्या गाळ्यात दार खाली ओढायच्या दोराच्या टोकाला फासाची गाठ मारलेली दिसली. ती पाहिली चमूतल्या एकाने, वॉलेसने नव्हे. दुसऱ्या दिवशी इतर चालकांनी आणि त्यांच्या चमूंनी त्याची गाडी ढकलत रांगेच्या पुढे नेली. एफबीआयचे पंधरा अधिकारी कामाला लागले. 23 जूनला निष्कर्ष आला: ही गाठ ऑक्टोबर 2019 पासून तिथेच होती. तो गाळा पुढच्या वर्षी वॉलेसच्या वाट्याला येणार हे तेव्हा कुणालाच ठाऊक असणे शक्य नव्हते. गुन्हा नाही.

झाले, 'बनाव, बनाव' सुरू झाले. तेव्हाचे राष्ट्राध्यक्ष ट्रम्प यांनीही तोच शब्द वापरला. पण नॅस्कारने केलेली एक मोजदाद मला फार बोलकी वाटते. त्यांनी 29 मैदानांवरचे 1,684 गाळे तपासले. दोराला गाठ मारलेले 11 निघाले आणि फासाची गाठ असलेला एकच, हाच. म्हणजे दार ओढायला बरी पडते म्हणून सगळेच अशी गाठ मारतात असेही नव्हते, आणि वॉलेसला उद्देशून कुणी मारली असेही नव्हते. बांधणाऱ्याला त्या गाठीत काय दिसत होते हे कुणी सांगू शकत नाही. पाहणाऱ्याला काय दिसले ते मात्र सांगता येते. टस्कीगी या कृष्णवर्णीयांच्या शिक्षणसंस्थेच्या नोंदींनुसार 1882 ते 1968 या काळात अमेरिकेत जमावाने, अनेकदा फासावर टांगून, 4,743 माणसे मारली, त्यांतली 3,446 कृष्णवर्णीय. टस्कीगी अलाबामातच आहे, टॅलाडेगाही तिथेच. त्या राज्यात दोराची ती आकृती एकट्याने बांधली तरी एकट्याची राहत नाही.

संस्कृत काव्यशास्त्रात 'गतोऽस्तमर्कः' हे घासून गुळगुळीत झालेले उदाहरण आहे. सूर्य मावळला. गुराख्याला त्यातून गुरे परत आणायची सूचना मिळते, चोराला कामाची वेळ झाल्याची. बोलणारा कदाचित नुसते आकाश पाहून बोलला असेल. व्यंजना, म्हणजे शब्दांपलीकडे सुचणारा अर्थ, कशी उमटते हे ठरवणाऱ्या गोष्टींत आपल्या जुन्या मंडळींनी बोलणाऱ्याइतकेच ऐकणाऱ्यालाही स्थान दिले, देश आणि काळ यांनाही दिले. 'माझ्या मनात हा अर्थ नव्हता' हे वाक्य तात्पर्याबद्दल, म्हणजे बोलणाऱ्याच्या हेतूबद्दल, खरे असू शकते. संकेत, म्हणजे सगळ्यांनी मानलेला अर्थ, मात्र एकट्याच्या मनात ठरत नाही.

कायद्याचे वेगळे आहे, आणि तसेच असावे. कृष्णवर्णीयांना धमकावायला क्रूस जाळणे ही अमेरिकेतल्या कू क्लक्स क्लान या वर्णद्वेषी संघटनेची रीत. व्हर्जिनिया राज्यात क्रूस जाळून धमकावण्याविरुद्ध कायदा होता आणि त्यात एक सोय केली होती: क्रूस जाळला एवढाच धमकावण्याच्या हेतूचा प्रथमदर्शनी पुरावा धरावा. 2003 मध्ये अमेरिकेच्या सर्वोच्च न्यायालयाने म्हटले की धमकावण्यासाठी क्रूस जाळण्यावर बंदी घालता येईल, पण नुसत्या जाळण्यावरून हेतू गृहीत धरता येणार नाही. शिक्षा द्यायची तर 'दुखवले' सिद्ध व्हायला हवे, 'दुखावले' पुरत नाही. गोंधळ होतो तो कोर्टाबाहेर. एखादी गोष्ट गुन्हा ठरली नाही की तिने कुणाला लागलेही नाही, असे लोक धरून चालतात.

हेतूला काहीच किंमत नाही असेही नाही. जर्मनीत नाझी चिन्ह वापरणे हा गुन्हा आहे. तिथल्या एका विक्रेत्याने त्या चिन्हावर काट मारलेले, म्हणजे उघड नाझीविरोधी बिल्ले विकले, तर स्टुटगार्टच्या न्यायालयाने त्यालाही दंड केला. 2007 मध्ये तिथल्या सर्वोच्च दिवाणी-फौजदारी न्यायालयाने तो निकाल फिरवला. विरोध त्या चित्रातूनच स्पष्ट आणि निःसंशय दिसत असेल तर गुन्हा नाही, असे म्हटले. हेतू मनात असून भागत नाही, तो चिन्हावर काढलेला असावा लागतो. बिल्ल्यावर काट होती. गाळ्यातल्या दोरावर काहीच नव्हते.

इथे स्वस्तिकाचा विषय निघणारच, कारण या एका बाबतीत मराठी माणूस टेबलाच्या दुसऱ्या बाजूला बसतो. 'आमच्यासाठी ते मंगलचिन्ह आहे' हे शंभर टक्के खरे आहे. छळछावणीतून वाचलेल्याच्या पोटात ते पाहून गोळा येतो हेही तितकेच खरे, आणि पहिल्या सत्याने दुसरे खोडले जात नाही. शब्दापुरते बोलायचे तर नाझींनी 1920 मध्ये पक्षचिन्ह म्हणून घेतलेल्या आकृतीला जर्मन भाषेत 'हाकेनक्रॉइत्स' म्हणतात, म्हणजे आकडे असलेला क्रूस. 'स्वस्ति'चा त्या नावाशी काही संबंध नाही. म्हणून मराठीत लिहिताना सरळ 'नाझी चिन्ह' लिहावे, 'स्वस्तिक' नको. कॅलिफोर्नियाने 2022 मध्ये नाझी चिन्ह, फास आणि जळता क्रूस यांबाबतच्या शिक्षा एका पातळीवर आणल्या तेव्हा कायद्यातही ही फोड केली, हिंदू, बौद्ध आणि जैनांचे स्वस्तिक वेगळे काढले. शब्द वेगळा केल्याने आपली नावाची अडचण सुटते. समोरच्याच्या डोळ्याला दिसणारी आकृती मात्र साधारण तीच राहते.

आता 'वर्णद्वेषी चिन्ह'. हा शब्दप्रयोग मीही वर्षानुवर्षे बिनदिक्कत वापरत आलो. परवा थांबलो. 'द्वेषी' म्हणजे द्वेष करणारा. माणूस वर्णद्वेषी असतो, धोरणही असू शकते, पण दोर द्वेष कसा करील? मग वाचणारा तो द्वेष आपसूक चिन्हावरून ते लावणाऱ्यावर ढकलतो आणि लावणारा म्हणतो, 'मी कुठे कुणाचा द्वेष करतो?' चर्चा तिथेच खुंटते. त्यापेक्षा षष्ठी वापरून 'वर्णद्वेषाचे चिन्ह' म्हणावे. द्वेष कुठून आला ते कळते आणि आज दोराला हात लावलेल्यावर आरोपही होत नाही. 'आक्षेपार्ह' हा शब्दही या कामी चांगला आहे: आक्षेपाला अर्ह, आक्षेप घेण्याजोगे. 'अपमानास्पद'ही तसाच, 'आस्पद' म्हणजे स्थान. दोन्ही शब्द वस्तूबद्दल बोलतात, कुणाच्या मनात डोकावत नाहीत. 'अपमानकारक' मात्र करणाऱ्याला शोधत येतो.

कृष्णवर्णीयांच्या संदर्भात 'वर्णद्वेष' आणि ज्यूंच्या संदर्भात 'वंशद्वेष' असा भेद मी पाळतो. सक्ती नाही, पण ज्यूंचा द्वेष कातडीच्या रंगावरून झाला नव्हता.

झेंड्यांच्या बाबतीत षष्ठीचा हा उपयोग विशेष जाणवतो. कॉन्फेडरेट झेंडा मिरवणाऱ्यांची घोषणा 'वारसा, द्वेष नव्हे' अशी असते, आणि त्यांतले काही जण ती मनापासून देतात असे मानायला माझी हरकत नाही. हा झेंडा साउथ कॅरोलायनाच्या विधानभवनावर चढला 1961 मध्ये, यादवी युद्धाच्या शताब्दीला, नागरी हक्कांची चळवळ पेटलेली असताना. 2000 मध्ये तो घुमटावरून काढून आवारात लावला, आणि तिथूनही उतरला 2015 मध्ये, चार्ल्सटनच्या चर्चमध्ये नऊ कृष्णवर्णीयांची हत्या झाल्यावर. मारेकऱ्याने त्याच झेंड्यासोबत फोटो काढून घेतले होते. त्याखाली उभा राहणारा प्रत्येक माणूस वर्णद्वेषी आहे का? माहीत नाही. ते वर्णद्वेषाचे चिन्ह आहे का? हो.

अशा प्रसंगांनंतर येणाऱ्या माफीची एक ठरीव मराठी आहे: 'कुणाच्या भावना दुखावल्या असतील तर दिलगिरी व्यक्त करतो.' इथे 'दुखावणे'ची अकर्मकता कशी कामाला लावली आहे बघा. करणारा आधीच गायब आहे, वर 'असतील तर' लावून दुखापतही संशयित केली. ज्याला लागले तो समोर उभा राहून सांगतो आहे, तरी 'असतील तर'! 'दुखावल्या, दिलगीर आहे' एवढे म्हटले तरी हेतू कबूल केल्यासारखे होत नाही. व्याकरणाने तेवढी सवलत दिलेली आहेच, तिच्यावर आणखी तर-तम कशाला?

शेवटी मूळ वाक्याकडे येऊ. 'दुखावल्या'वर माझा आक्षेप नाही, दुसऱ्या दोन शब्दांवर आहे. पहिला 'गळफास'. मराठीत हा शब्द आत्महत्येच्या बातमीला इतका चिकटला आहे की 'गॅरेजमध्ये गळफास आढळला' वाचून आत कुणी जीव दिला असेच वाटते. 'फाशी'ही नको, ती न्यायालय देते. 'फासाची गाठ' बरे. दुसरा शब्द 'भावना'. भावना दुखावणे हे आपल्याकडे फार स्वस्त झाले आहे. ज्या आकृतीने आपल्या माणसांना झाडाला टांगले ती कामाच्या जागी दिसल्यावर जे होते ते भावना दुखावण्यापेक्षा भीतीच्या जवळचे असते. शिवाय ती प्रथम पाहिली चमूतल्या माणसाने, चालकाने नव्हे, हेही अनुवादात हरवले आहे. मी असे लिहीन: 'गॅरेजच्या दाराच्या दोराला फासाची गाठ मारलेली आढळली आणि कृष्णवर्णीय चालकाचा सगळा चमू हादरला. ही गाठ त्याला उद्देशून नव्हती, असे नंतर तपासात निष्पन्न झाले.' दोन्ही वाक्ये शेजारी सुखाने नांदतात, मध्ये 'पण' घालायची गरज पडत नाही.