कोकणातल्या घरी फायबरचा डबा: नेट, वायफाय आणि बाबांचा लँडलाइन

तुमची अडचण मला समजली ती अशी. रत्नागिरी जिल्ह्यातल्या घरी आईवडिलांसाठी फायबर घेतलं, माणूस येऊन डबा (फायबरचा मोडेम-राउटर) भिंतीला ठोकून गेला. ओटीवर नेट चालतं, माजघरात पोचत नाही, आणि जुना लँडलाइन त्याला जोडला तर मुका. तुम्ही पुण्यात. फोनवरून आईकडून काय काय करून घेता येईल?

बरंच काही. चिपळूणजवळ आमच्या घरी मी हेच सगळं केलंय, निम्मं चुकीचं आणि मग दुरुस्त. माझा धंदा हा नव्हे, त्यामुळे जिथे मी आपटलो तिथे जास्त लिहितोय.

आधी सेटिंगला हात लावू नका. आईला व्हिडिओ कॉल करा आणि कॅमेरा डब्याच्या दिव्यांवर धरायला सांगा. 'पॉन' लिहिलेला दिवा हिरवा आणि स्थिर हवा, 'एलओएस' लिहिलेला विझलेला हवा. एलओएस लाल असेल तर काचेच्या तारेतून प्रकाशच येत नाहीये. मग पासवर्ड बदला, डबा बंद-चालू करा, काही उपयोग नाही. तार कुठे दबली आहे, वाकली आहे का ते बघायचं. आमच्याकडे पहिल्यांदा लाल दिवा लागला तेव्हा आईने झाडताना कपाट मागे सरकवलं होतं आणि तार त्याच्यामागे काटकोनात दुमडली होती. कपाट पुढे ओढल्यावर मिनिटात हिरवा. दुसऱ्यांदा माडाची झावळी बाहेरच्या तारेवर पडली, तेव्हा मात्र जोडकाम करणाऱ्यालाच बोलवावं लागलं.

तारेच्या टोकाला हिरवी चौकोनी पिन असते. तिच्या आतलं काचेचं टोक आठ अंशांत तिरकं घासलेलं असतं, निळ्या पिनचं तसं नसतं, म्हणून हिरव्याला हिरवीच. ती उगाच काढू नये, काढलीच तर पदराने पुसू नये आणि तिच्यात डोकावून तर मुळीच बघू नये. आतला प्रकाश डोळ्यांना दिसत नाही, पण असतो.

तुम्हाला उत्साह असेल तर डब्याच्या सेटिंगच्या पानावर (बहुतेकदा ब्राउझरमध्ये १९२.१६८.१.१, खात्रीसाठी डब्याखालचं स्टिकर) 'ऑप्टिकल' किंवा 'पॉन' नावाच्या भागात येणाऱ्या प्रकाशाचा आकडा दिसतो. तो उण्यात असतो: उणे १९, उणे २३ असा, डीबीएममध्ये (प्रकाशाची ताकद मोजायचं माप). साधारण उणे ८ ते उणे २७ ही चालण्याची हद्द. तीनने घसरला की प्रकाश निम्मा झाला असं समजा. आमचा आकडा उणे २६ होता, म्हणजे अगदी काठावर, आणि पावसाळाभर नेट ये-जा करत होतं. 'स्लो आहे' म्हणून चार वेळा तक्रार केली, कोणी ढुंकून बघितलं नाही. पाचव्यांदा 'प्रकाश उणे २६ आहे' असं सांगितलं, त्याच संध्याकाळी माणूस आला आणि खांबावरचा जोड पुन्हा करून गेला. त्यांच्या भाषेत बोललं की कामं होतात.

आता माजघराचं. बसवणारा माणूस डबा तिथेच ठोकतो जिथे त्याची तार संपते, म्हणजे मीटरशेजारी नाहीतर दाराच्या चौकटीवर. त्याचाही दोष नाही, त्याला दिवसाला सात घरं करायची असतात. पण आपली घरं चिऱ्यांची. आमच्या जुन्या भिंती दीड फुटाच्या आहेत. अशी एक भिंत पार करताना वायफाय दमतं आणि दुसरीपाशी बसकण मारतं. ५ गिगाहर्ट्झवालं तर पहिल्याच भिंतीला हात टेकतं, २.४ थोडं पुढे जातं. जांभ्याने ओल धरली की आणखी वाईट, निदान आमच्याकडे तरी.

यावर माझं ठाम मत: काचेची तार लांबवा, वायफायला धावायला लावू नका. काचेत प्रकाशाची घट किलोमीटरला अर्ध्या डेसिबलपेक्षाही कमी. घरातले वीस मीटर म्हणजे काहीच नाही. त्या माणसाला पुन्हा बोलावून (चहा आणि वरखर्च द्यायची तयारी ठेवून) डबा घराच्या मध्यावर, माजघरात, डोक्याच्या उंचीवर हलवून घ्या. फ्रीजमागे नको, लोखंडी कपाटावर नको, आणि देवघरातल्या समईच्या वर तर नकोच. हे मी पाहिलंय.

तो येत नसेल तर दुसरा उपाय: डब्याच्या लॅन भोकातून (घरातली उपकरणं जोडायचं भोक) एक केबल माजघरात न्यायची आणि तिथे दुसरा साधा राउटर ठेवायचा. केबल त्या राउटरच्याही लॅन भोकातच लावायची, वॅनमध्ये (बाहेरचं नेट आत यायचं भोक) नाही. त्याआधी त्या राउटरचं डीएचसीपी (उपकरणांना आयपी पत्ते वाटायचं काम) बंद करायचं आणि त्याचा पत्ता १९२.१६८.१.२ असा, मोठ्या डब्याच्याच ओळीतला पण वेगळा ठेवायचा. आयपी वाटणारा घरात एकच हवा. दोघे वाटायला लागले की अर्धी उपकरणं एकाकडे, अर्धी दुसऱ्याकडे, आणि तुम्ही वैतागता. केबलच्या आठही तारा पिनमध्ये नीट बसल्या आहेत ना, ते बघा. चारच जुळल्या तर केबल चालते खरी, पण १०० एमबीपीएसच्या वर जात नाही. भिंतीच्या सॉकेटमध्ये खोचायचे ते रिपीटर मी एकदा घेतले आणि परत केले. उचललेलंच पुन्हा त्याच हवेत फेकतात, वेग साधारण निम्मा होतो, आणि ते ठेवायचे तरी कुठे? जिथे रेंज आहे तिथे गरज नाही, जिथे गरज आहे तिथे रेंज नाही.

वायफायचं नाव-पासवर्ड हा सोपा भाग. आधी घरात दुसरं काही वायफाय असेल तर नवीन डब्याला तेच नाव आणि तोच पासवर्ड द्या, बाबांचा मोबाइल, टीव्ही सगळं आपोआप जुळतं. सुरक्षा डब्ल्यूपीए२ किंवा ३. डब्याच्या पानाचा मूळ पासवर्ड बदला आणि कालनिर्णयच्या मागच्या पानावर लिहून ठेवा.

डब्याच्या पानावर 'वॅन' नावाच्या भागात दोन किंवा तीन ओळी दिसतील. एक नेटची, तिच्यात पीपीपीओई (लॉगिन करून नेट जोडायची पद्धत) असेल तर कंपनीने दिलेलं युजरनेम-पासवर्ड असतं. दुसरी फोनच्या आवाजाची, वेगळ्या व्हीलॅनवर (त्याच तारेतली वेगळी वाट). मी आगाऊपणा करून 'ही जादाची कशाला' म्हणत दुसरी पुसली. फोन गेला. मग ते निस्तरायला डब्याच्या मागचं रीसेटचं बारीक भोक टाचणीने दहा सेकंद दाबलं. मग नेटही गेलं! काही डब्यांत कंपनी दुरून सगळं पुन्हा भरते, आमच्यात नाही भरलं. दोन दिवस घरात ना फोन ना नेट, आणि बाबा प्रत्येक येणाऱ्या-जाणाऱ्याला 'मुलाने दुरुस्त केलंय' असं सांगत होते. टाचणी आईच्या हाती देऊ नका.

आता तुमचा मुका फोन. जुन्या तांब्याच्या लाइनवर फोनला लागणारी वीज एक्स्चेंजमधल्या बॅटऱ्यांतून, ४८ व्होल्टवर, त्याच दोन तारांतून यायची. म्हणून वादळात अख्ख्या वाडीत अंधार असला तरी फोन वाजायचा. फायबरमध्ये तारेतून वीज येत नाही, काच आहे ती. डायल टोन आता डबाच तयार करतो, घंटाही तोच वाजवतो.

म्हणून हे क्रमाने बघा. फोनची पिन डब्याच्या छोट्या भोकात हवी, त्यावर 'फोन', 'टेल' किंवा 'पॉट्स' असं लिहिलेलं असतं. शेजारची मोठी भोकं लॅनची. फोनची पिन त्यातही शिरते आणि बसल्यासारखी वाटते, म्हणून आईला नीट वाचायला सांगा. मग फोनचा दिवा बघा. तो लागलेलाच नसेल तर तुमचा नंबर डब्यात अजून नोंदलेला नाही, हे घरून होत नाही. ग्राहक सेवेला 'फोन बंद आहे' असं न सांगता 'व्हॉइस रजिस्टर होत नाहीये' असं सांगा. दिवा लागलाय आणि तरी टोन नाही, तर फोन किंवा त्याची वायर खराब. शेजाऱ्यांचा फोन पाच मिनिटं आणून लावून बघितला की कळतं.

तिसरी शक्यता आमच्या घरी निघाली. बाबांना फोन जुन्या जागीच, खिडकीपाशी, त्यांच्या खुर्चीजवळ हवा होता. मी डब्यातून भिंतीवरच्या जुन्या रोझेटला (टेलिफोनच्या तारा जोडायची छोटी डबी) वायर जोडली, म्हणजे घरातलं जुनं वायरिंग वापरता येईल. कल्पना चांगली, पण त्या रोझेटला बाहेरून येणारी खांबावरची तांब्याची जोडीही तशीच लटकत होती. फोन खरखरला आणि गप्प झाला. ती बाहेरची जोडी रोझेटमधून सोडवून टेप गुंडाळल्यावर टोन आला. तुमच्याकडेही जुनी लाइन होती, तर हे आधी बघून घ्या. बाहेरच्या तारेत एक्स्चेंजची वीज अजून असेल तर डब्याचं फोनचं भोक कायमचं जाऊ शकतं.

टोन आला, पण आकडे दाबूनही टोन तसाच चालू राहिला, तर फोन उलटा करा. खाली किंवा बाजूला एक बारीक खटका असतो, टी आणि पी. तो टी वर हवा. पी म्हणजे जुन्या तबकडीची पद्धत, बहुतेक डब्यांना ती कळत नाही. तबकडीचा फोन असेल तर घंटा वाजेल, उचलून बोलताही येईल, पण तुम्हाला लावता येणार नाही.

आणि शून्य. १५ जानेवारी २०२१ पासून लँडलाइनवरून कुठल्याही मोबाइलला फोन लावायचा तर आधी ० दाबावा लागतो. बाबांच्या वहीतले सगळे नंबर दहा आकडी, शून्याशिवाय. त्यांनी आठवडाभर 'हा फोन बिघडलाय' असंच धरून ठेवलं. मी शेवटी वहीच्या पहिल्या पानावर लाल पेनने मोठं शून्य काढून दिलं.

विजेचं आताच करून टाका, पावसाळ्याची वाट बघू नका. वीज गेली की नेट, वायफाय आणि फोन तिन्ही एकदम जातात. घरात इन्व्हर्टर असेल तर डब्याचा अडॅप्टर त्याच्या सॉकेटला लावा. नसेल तर राउटरसाठी मिळणारा छोटा डीसी यूपीएस घ्या. घेण्याआधी अडॅप्टरवरचा आकडा आईकडून वाचून घ्या: बहुतेक १२ व्होल्ट असतो, अँपिअर १, दीड किंवा २. व्होल्ट तेच हवेत, अँपिअर तेवढे किंवा जास्त चालतात. आमचा साधारण तीन तास टिकतो. गडगडाट सुरू झाला की अडॅप्टर सॉकेटमधून काढायची सवय मात्र ठेवा. काचेतून वीज येत नाही, पण बाहेरच्या तारेला आधाराची लोखंडी दोरी असू शकते, आणि घरच्या सॉकेटमधून झटका येतोच.

घरात मोबाइलला रेंज नसेल तर मोबाइलच्या सेटिंगमध्ये 'वायफाय कॉलिंग' चालू करून द्या. एअरटेलने डिसेंबर २०१९ मध्ये आणि जिओने जानेवारी २०२० मध्ये हे सुरू केलं. वेगळं ॲप लागत नाही, नंबर तोच राहतो. आमची आई आता लँडलाइन उचलतच नाही, माजघरात बसून मोबाइलवरच बोलते. लँडलाइन फक्त बाबांचा.

उद्या आईला व्हिडिओ कॉल कराल तेव्हा कुठले दिवे लागलेत आणि फोनची वायर नेमकी कुठल्या भोकात आहे, तेवढं इथे लिहा. जमलं तर रोझेट उघडून त्याचा फोटोही टाका. मला संशय तिथलाच आहे.