सलाम घ्या, ताट वाढू नका

"माझ्या धाकट्या चुलत दिराने दोन वर्षांपूर्वी टॉवेलच्या कारखान्यातली नोकरी सोडली. 'प्रभू लवकरच येणार, आता राबायचं कशाला,' म्हणतो. नेमका जेवायच्या वेळी घरोघर फिरतो, इकडचं तिकडे करतो. चर्चच्या पाळकसाहेबांनी दोनदा समजावलं, शेवटी त्याच्याशी संगत ठेवू नका असं मंडळीत सांगितलं. गेल्या रविवारी त्याने सलाम केला, मी तोंड फिरवलं. त्याची बायको बघत होती. माझं चुकलं का?"
– एक भगिनी, होटगी रोड, सोलापूर

ताई, सलामाचं चुकलं. बाकीचं नाही.

बायबलमधल्या थेस्सलनीकाकरांस दुसऱ्या पत्राच्या 3ऱ्या अध्यायात अशीच माणसं भेटतात. कामधंदा नाही, लुडबुड मात्र भरपूर. ज्याला काम करायची इच्छा नाही त्याने खाऊही नये, असं पत्र लिहिणारा प्रेषित पौल तिथे बजावतो. 'इच्छा नाही' हे नीट वाचा. माग बंद पडून घरी बसलेल्यांना हेच वचन ऐकवणारे आपल्यात आहेत, त्यांचा मला भारी राग येतो. पौलाला मात्र हे बोलायचा हक्क होता. तो हाताने तंबू करणारा माणूस, थेस्सलनीकात त्याने कुणाची भाकर फुकट खाल्ली नाही.

14व्या वचनात तो म्हणतो, अशाची संगत धरू नका, म्हणजे त्याला लाज वाटेल. आणि लगेच 15व्यात: त्याला शत्रू मानू नका, भाऊ म्हणून समज द्या. आता तोंडच फिरवलं तर समज देणार कशी?

तेव्हा दुपारी तो दारात आला की सरळ म्हणा, "सलाम भाऊजी. आज ताट वाढणार नाही. ज्या दिवशी पाळीवर जाल, त्या दिवशी रात्री जेवायला या." हे तुमच्या यजमानांसमोरच बोला, नाहीतर ते मागून चहा पाजतील. कुणाची उणीदुणी काढायला लागला तर विषय तिथेच तोडा.

हे सगळं त्याच्यापुरतं. त्याच्या बायकोने काय केलंय? चांगलं करता करता खचू नका, असं त्याच अध्यायात 13वं वचन आहे, ते तिच्या घरासाठी समजा. पोरांना हाक मारून जेवू घाला. शेंगाचटणी केलीत की वाटीभर तिच्याकडे घेऊन जा, आणि रविवारबद्दल चुकलं म्हणून तिलाच सांगा.

पुढच्या रविवारी उपासना सुटल्यावर आधी सलाम तुम्ही करा.