आधी शिसं मोज

‘दीड वर्ष झालं, माझ्या पातळ थरात अतिवाहकता (खूप थंड केल्यावर विजेला होणारा रोध पार नाहीसा होणं) दिसतच नाही. थंड करत नेलं की रोधाचा आकडा दर वेळी वेगळाच. सर म्हणतात, पुन्हा कर. बरोबरच्यांचे पेपर छापून आले. भौतिकशास्त्र माझ्या आवाक्यातलं नाहीच बहुतेक. पीएचडी सोडू का?’
– एक संशोधक विद्यार्थिनी

प्रिय मुली,

प्रयोग चालत नाही आणि मला जमत नाही, या दोन वेगळ्या तक्रारी आहेत. पहिलीवरून तू दुसरी सिद्ध करून टाकलीस. प्रबंधात असं लिहिलं असतंस तर परीक्षकांनी तिथेच लाल रेघ मारली असती.

आकडा दर वेळी बदलतो, हे तुझ्या पत्रातलं सगळ्यांत कामाचं वाक्य. थरच वाईट असता तर तो बहुधा दर वेळी सारखाच वाईट दिसला असता. म्हणून संशय आधी जोडण्यांवर घे. तुझा नमुना बाजूला ठेव आणि शिशाचा साधा थर लाव. तारा त्याच, तापमापक तोच. शिसं ७.२ केल्विनला, म्हणजे उणे २६६ अंश सेल्सिअसच्या आसपास, अतिवाहक होतं, यात वाद नाही. रोध तिथे कोसळला तर मोजणी ठीक, दोष नमुन्यात. नाही कोसळला तर इतके दिवस तू नमुन्यावर उगाच आळ घेत होतीस. आणि चार तारांनी मोजतेस ना? दोनच असतील तर जोडाचा रोधही आकड्यात मिसळतो. प्रवाह निम्मा करूनही बघ. तेवढ्याने रोध बदलला तर नमुना प्रवाहानेच तापत असेल.

२०११ मध्ये ‘ऑपेरा’ प्रयोगात न्यूट्रिनो नावाचे सूक्ष्म कण सुमारे ७३० किलोमीटरचं अंतर प्रकाशापेक्षा ६० नॅनोसेकंद आधी कापताना दिसले. पुढच्या वर्षी कळलं, प्रकाशतंतूची एक जोडणी नीट बसली नव्हती. तिथे मोठा चमू राबत होता. तू एकटी आहेस.

पेपरांचं म्हणशील तर, संगणकावर गणित करणाऱ्याशी क्रायोस्टॅटवाल्याने (नमुना अतिथंड ठेवणाऱ्या यंत्रावर राबणाऱ्याने) बरोबरी करूच नये.

सरांकडे ‘चालत नाहीये’ म्हणत गेलीस तर ‘पुन्हा कर’ हेच ऐकायला मिळणार. (तेही बिचारे काय बोलणार!) शिशाचा आलेख ने, सोबत एक पान: काय तपासलं, काय वगळलं, आणि नेमका एक प्रश्न. तरीही अर्धा तास मिळाला नाही, तर सल्लागार समितीतल्या दुसऱ्या कुणाला गाठ. ती चुगली नव्हे, समिती त्यासाठीच असते.

झोप उडाली असेल, जेवण जात नसेल, तर मात्र शिशाची वाट न पाहता आजच समुपदेशकाकडे जा. आणि सोडायचं म्हणशील, तर मोजणी सुधारल्यावरही प्रयोगशाळेत पाऊल टाकावंसं वाटलं नाही तर खुशाल सोड. तेव्हा मी तुला अडवणार नाही.

– तुझी ताई