नव्या उंबरठ्याखालची फट

प्रश्न: आमचं घर संगमेश्वर तालुक्यात, जांभ्याच्या भिंतींचं. जुनी चौकट वाळवीने खाल्ली म्हणून एप्रिलमध्ये पुढच्या दाराला सागाची नवी चौकट उंबरठ्यासकट बसवली. आता उंबरठ्याखाली एका टोकाला अर्धा इंच फट आहे आणि दुसऱ्या टोकाला दोन सूत, म्हणजे पाव इंच. सकाळी रांगोळी घातली की ती आत सांडते, मुंग्यांची रांग तिथूनच येते, आणि पाय दिला की कट्ट असा आवाज होतो. सुतार म्हणतो व्हाइट सिमेंट भरा, दुकानदार म्हणतो फोम मारा. पावसाच्या आत काय करू?

उत्तर: ताई, पावसाच्या आत हे करायलाच हवं, कारण मुंग्यांचं सोडा, पण मण्यार रात्री घरात शिरतो आणि जमिनीवर झोपलेल्या माणसाला चावतो, त्याला अर्ध्या इंचाची फट पुरते. तोवर रात्री तिथे जुनं गोणपाट घट्ट कोंबून ठेवा आणि खाली अंथरूण घालू नका.

आता तो कट्ट आवाज. तुम्ही फटीबद्दल विचारताय पण मला त्या आवाजाची जास्त काळजी वाटते, कारण त्याचा अर्थ उंबरठा अधांतरी आहे, बहुतेक सुताराने लेव्हल साधायला पाचरी ठोकल्या आणि तशाच सोडल्या. अशा हलणाऱ्या लाकडाखाली नुसतं व्हाइट सिमेंट भरलं तर महिन्याभरात तडकून सुटणार, फोम तर पाय पडला की दबतो आणि उघड्यावर उन्हाने भुगा होतो. म्हणून आधी आधार, मग सील. हा क्रम उलटा करू नका.

टॉर्च लावून आत बघा. लाकडी पाचरी दिसल्या तर एकेक करून काढा आणि त्या जागी कडप्प्याचे नाहीतर शहाबादीचे तुकडे घट्ट सरकवा, लाकूड ओलं राहिलं की वाळवी परत तिथेच येणार. फट ब्रशने साफ करा, धूळ राहिली तर काहीच चिकटत नाही. मग लाकडाच्या तळाला लागून डांबरी फेल्टची पट्टी आत सरकवा, म्हणजे सिमेंटची ओल सागाला लागणार नाही. एक भाग सिमेंट, तीन भाग बारीक चाळलेली वाळू, आणि पाणी इतकं कमी की मुठीत दाबला तर गोळा होईल पण हात ओला होणार नाही, असा मसाला लोखंडी पट्टीने आत कोंबत ठोकत न्या. पाणी कमी म्हणून तो आकसतही कमी. गवंडी घाईत पातळ करून ओततात, ते करू देऊ नका, समोर उभ्या राहा.

बाहेरच्या कडेला मात्र अर्धा इंच खोल जागा मोकळी सोडा. मसाल्यावर तीन दिवस पाणी शिंपडा, नंतर तो नीट वाळू द्या, मग त्या खाचेत फटीपेक्षा किंचित जाड फोमची दोरी दाबून बसवा, हार्डवेअरवाले तिला बॅकर रॉड म्हणतात, आणि वरून पॉलियुरेथेन सीलंट. लाकूड पावसाळ्यात फुगतं आणि उन्हाळ्यात आकसतं, त्याच्याबरोबर ताणलं जाईल असंच काहीतरी तिथे पाहिजे. चौकटीचे दोन्ही पाय जिथे जमिनीला टेकतात ते कोपरेही याच सीलंटने भरा, लाकडाचं टोक पाणी सगळ्यात जास्त पितं आणि चौकट तिथूनच कुजायला लागते. आतली बाजू पहिला पावसाळाभर उघडी ठेवा, म्हणजे पाणी झिरपलंच तर दिसेल.

आणि पडवीचा उतार तपासा. दाराशी तांब्याभर पाणी ओता, ते बाहेर जायला हवं. फुटाला एक सूत उतार पुरतो. पाणी उंबरठ्याकडे येत असेल तर आधी पडवी नीट करून घ्या, कोकणात वर्षाला 3000 मिलिमीटरच्या आसपास पाऊस पडतो, साठलेल्या पाण्यापुढे कुठलंच सीलंट फार वर्षं टिकत नाही.

प्रश्न: पुण्यात फ्लॅटच्या टेरेसच्या दाराला ग्रॅनाइटचा नवा उंबरठा बसवला, कडेने सिलिकॉन मारलं तरी आत पाणी येतं. ठोकलं की मधेच पोकळ वाजतं.

उत्तर: पोकळ वाजतं म्हणजे खाली मसाला सलग नाही, नुसते चार गोळे टाकून वर पट्टी ठेवली असणार. पाणी त्या पोकळीत साठतं आणि सावकाश आत झिरपतं, म्हणून वरून कितीही सिलिकॉन मारलं तरी उपयोग नाही. पट्टी उचलून खाली वॉटरप्रूफिंगचा थर द्या, तो दोन्ही बाजूंना भिंतीवर चार-सहा इंच वर चढवा, आणि पूर्ण मसाल्यावर बाहेरच्या बाजूला थोडा उतार देऊन पट्टी परत बसवा. फक्त थर वाळेपर्यंत त्यावर पाय पडू देऊ नका.