काढून टाकलेलं वाक्य

*वडिलांच्या आजारपणात दादा फिरकला नाही, तेव्हापासून चार वर्षं आमचा अबोला. शेवटी मीच पत्र लिहायला घेतलं. शब्द सुचेनात, म्हणून एआयकडून लिहून घेतलं. त्यातलं ‘मी तुला माफ केलंय’ हे एक वाक्य काढलं आणि पाठवून दिलं. वाचून दादा रडला म्हणे. यंत्र माझ्यापेक्षा चांगलं लिहितं, मग माझ्या विचारांना किंमत ती काय? – एक वाचक*

ताई,

तुम्ही एक ओळ घाईघाईत लिहून पुढे गेलात, मी तिथेच अडकले. ते वाक्य का काढलंत? भाषा वाईट होती म्हणून? अख्ख्या पत्रात सगळ्यात गोड वाक्य तेच असणार. तुम्ही ते काढलंत, कारण ते खोटं होतं. आणि ते खोटं आहे हे ओळखू शकणारं जगात तुमच्याशिवाय कुणी नव्हतं.

माफीची पत्रं कशी लिहितात, हे यंत्राला असंख्य लोकांच्या लिखाणातून ठाऊक आहे. तुमचा राग निवळलाय की नाही, हे त्याला कुठून कळणार? चांगली वाक्यं सुचली नाहीत म्हणजे आपल्याला विचारच नाही, हा हिशेब तुम्हाला कुणी शिकवला? समोरचं वाक्य वाचून ‘हे माझं नाही’ असं आतून उठलं, तो विचारच होता. चार वर्षं सोसल्यावर आलेला.

डार्विनने आत्मचरित्रात आपली एक सवय सांगितली आहे. आपल्या निष्कर्षांच्या विरुद्ध जाणारं काही आढळलं की तो ते लगेच टिपून ठेवायचा, कारण अशा गोष्टी सोयीच्या गोष्टींपेक्षा लवकर विसरायला होतात, हे त्याने अनुभवलं होतं. म्हणूनच १८५९ साली त्याचं उत्क्रांतीवरचं पुस्तक आल्यावर जे आक्षेप निघाले, त्यांतल्या बहुतेकांचा विचार त्याने आधीच केलेला होता. तुमची अडचणीची गोष्ट तर तुम्ही पुसूनच टाकलीत! आता दोघं गोड गोड लिहीत राहाल आणि ती तशीच आत कुजेल.

आजच दादाला स्वतः लिहा: ‘पहिलं पत्र मी लिहून घेतलं होतं. त्यातलं माफीचं वाक्य मी काढलं, कारण मी तुला अजून माफ केलेलं नाही.’ पुढचं लिहिता लिहिता सापडेल. विचार बहुतेकदा तसाच सापडतो. वाक्यं अडखळू देत, शुद्धलेखन चुकू दे. दादा दुखावेल, ही काळजी आत्ता नको. मोठा माणूस आहे, सोसेल. आणि हे पत्र यंत्राला तपासायलासुद्धा देऊ नका.