सेव्हिलमधील पवित्र सप्ताहाच्या मिरवणुका पाहायच्या असतील तर प्रवास कसा आखावा?

मार्च 2027 मध्ये सत्तरी ओलांडलेल्या आई-वडिलांना घेऊन आपण पुण्याहून स्पेनमधील सेव्हिलला जाणार आहात. ईस्टरआधीच्या आठवड्यातील मिरवणुका आणि शहर दोन्ही पाहायचे आहे, म्हणून हॉटेल कुठे घ्यावे, खुर्च्या आरक्षित कराव्यात का आणि गुरुवारची रात्र जागवावी का, असे आपण विचारले आहे. नोकरीनिमित्त मी काही वर्षे त्या शहरात राहिले आहे, त्या आधारावर उत्तर देते. हॉटेलची जागा सर्वांत आधी ठरवावी, कारण आई-वडिलांना किती चालावे लागेल हे त्यावरच ठरेल.

2027 मध्ये हा सप्ताह रविवार, 21 मार्चला सुरू होऊन 28 मार्चला ईस्टरच्या दिवशी संपतो. या काळात सुमारे साठ धार्मिक बंधुसंघ आपापल्या चर्चमधून येशू आणि मेरीच्या मूर्ती घेऊन निघतात, कॅथेड्रलला जातात आणि परततात. प्रत्येकाचा मार्ग निराळा असला, तरी काम्पाना चौकापासून सिएर्पेस, सान फ्रान्सिस्को चौक आणि कोन्स्तितुसियोन मार्गाने कॅथेड्रलपर्यंतचा टप्पा सर्वांना समान असतो. या टप्प्याला ‘कारेरा ओफिसियाल’ म्हणतात. दुपारपासून मध्यरात्र उलटेपर्यंत त्यामुळे जुन्या शहराचे दोन भाग पडतात, आणि अनंत चतुर्दशीला लक्ष्मी रस्ता ओलांडताना जे होते तेच येथे रोज होते. मध्यवर्ती भागातील ट्राम बंद असते आणि टॅक्सी गल्लीच्या बऱ्याच अलीकडे सोडते. म्हणून सांता हुस्ता रेल्वे स्थानक किंवा नेर्व्हियोन या पूर्वेकडील भागात हॉटेल घ्यावे. तेथून कारेरा ओफिसियाल न ओलांडता पुष्कळ काही पाहता येते, आणि पोहोचण्याच्या दिवशी सामान घेऊन गर्दीतून वाट काढावी लागत नाही.

आता वेळापत्रकाविषयी, कारण नवख्या माणसाची सर्वाधिक दमछाक येथेच होते. कानाल सूर रेडिओची ‘एल यामादोर’ ही मार्गदर्शिका आणि तिचे अ‍ॅप वापरावे. छापील वेळापत्रकात सहसा एका ठिकाणासाठी दोन वेळा असतात: एक मिरवणुकीच्या अग्रभागी असलेला क्रूस पोहोचण्याची आणि दुसरी शेवटची मूर्ती पोहोचण्याची. मोठ्या संघाच्या बाबतीत या दोहोंत तासाभराहून अधिक अंतर असते, कारण मधून उंच टोकदार टोपी आणि चेहरा झाकणारे वस्त्र घातलेले ‘नासारेनो’ हाती मेणबत्त्या घेऊन चालत असतात. माकारेना या मेरीच्या मूर्तीच्या मिरवणुकीत त्यांची संख्या तीन हजारांहून अधिक असते. वडीलधाऱ्यांना पहिल्या वेळेपासून उभे करू नये. दुसऱ्या वेळेच्या थोडे आधी पोहोचावे. मात्र एकदा तरी नासारेनोंची रांग जवळून पाहावी. लहान मुले हातातला मेणाचा गोळा पुढे करतात, नासारेनो मेणबत्ती तिरकी करून त्यावर वितळलेले मेण ओततो आणि तो गोळा वर्षानुवर्षे वाढत जातो.

खुर्च्यांच्या भानगडीत पडू नये, असे मी म्हणेन. कारेरा ओफिसियालवरील बहुतेक खुर्च्या वार्षिक वर्गणीदारांकडे असतात, आणि मिळाली तरी तेथून मधेच उठून बाहेर पडणे अवघड असते. मिरवणूक आपल्या वस्तीतून जाते तेव्हा लोकांचे तिच्याशी असलेले नाते अधिक जवळून दिसते. बुधवारी सान बेर्नार्दो संघ आपल्या वस्तीतल्या पुलावरून जातो. ते ठिकाण नेर्व्हियोनपासून जवळ आहे. मंगळवारी रात्री परतणारी कान्देलारिया ही मेरीची मूर्ती मुरियो बागेतून जाते, झाडांखालून डुलत येणारी तिच्या डोक्यावरची छत्री पाहून माझ्या डोळ्यांत पाणी आले होते. मूर्तीचा जड मंच मानेवर वाहणारे ‘कोस्तालेरो’ पडद्याआड असतात आणि त्यांना बाहेरचे काही दिसत नाही. पुढे चालणारा नायक मंचावरचा धातूचा ठोका वाजवून त्यांना उचलण्याची खूण देतो. तो ठोका पडताच आजूबाजूचे बोलणे थांबते. त्या वेळी आपणही बोलू नये आणि फ्लॅश वापरू नये.

गुरुवारची रात्र, म्हणजे ‘माद्रुगा’, ही सप्ताहातील सर्वांत मोठी रात्र असून त्या रात्री सहा संघ निघतात. 2000 साली त्या रात्री गर्दीत घबराट पसरून पळापळ झाली होती. आई-वडिलांना घेऊन रात्रभर गर्दीत थांबावे, असे मी मुळीच सुचवणार नाही. रात्री झोप घ्यावी आणि शुक्रवारी सकाळी जुन्या शहराच्या बाहेरून जाणाऱ्या रस्त्याने माकारेना वस्तीत जावे. मध्यरात्रीनंतर निघालेली माकारेना दुपारच्या सुमारास आपल्या बॅसिलिकेत परतते, आणि वाटेत बाल्कनीतून तिला उद्देशून ‘साएता’ हे भक्तिगीत गायले जाण्याची शक्यता असते.

आल्काझार राजवाडा गुड फ्रायडेला बंद असतो, म्हणून त्याचे तिकीट सोमवार किंवा मंगळवारच्या सकाळचे आधीच काढावे. गुरुवार-शुक्रवारी सुट्टी असल्याने किराणाही आधी आणून ठेवावा. परतीची गाडी 28 तारखेची असेल, तर त्या पहाटे घड्याळे एक तास पुढे जातात, हे लक्षात ठेवावे. शेंगेन व्हिसाचा अर्ज प्रवासाच्या सहा महिने आधीपासून करता येतो. सप्टेंबर संपताच करावा.

पाऊस आल्यास मिरवणूक रद्द होऊ शकते. 2024 मध्ये अनेक संघांना चर्चबाहेर पडताच आले नाही. हुआन दे मेसाने 1620 मध्ये घडवलेल्या ग्रान पोदेरसारख्या जुन्या लाकडी मूर्ती आणि जरीकाम केलेल्या छत्र्या भिजू देणे कोणालाही परवडत नाही. म्हणून मिरवणुकीच्या दिवशी सकाळीच संबंधित चर्चमध्ये जावे. सजवलेले मंच तेथे दर्शनासाठी ठेवलेले असतात, रांग लागली तरी ती पुढे सरकते, आणि आई-वडिलांना मूर्तीचा चेहरा संध्याकाळपेक्षा कितीतरी जवळून पाहता येतो.