डोंगरातलं 'इको-लक्झरी' रिसॉर्ट: आधी गरम पाण्याचं विचारा

तुमचा प्रश्न दोनदा वाचला. ३,००० मीटर उंची, चार रात्री, शेवटची दोन तासांची वाट पायी, काचेच्या भिंतीची खोली, बाहेर दरीकडे तोंड केलेला लाकडी टब आणि जाहिरातीत 'शंभर टक्के शाश्वत'. सोबत ६७ वर्षांच्या सासूबाई. हे खरं असतं की नुसता देखावा, आणि एवढे पैसे घालावेत का, असं तुम्ही विचारलंय.

अशा सहा जागी मी राहिलेय. पुन्हा जाईन त्यातल्या दोनच ठिकाणी. त्या दोन्ही ठिकाणी टॉवेल पुन्हा वापरा अशी पाटी नव्हती, हा योगायोग असेल. 'ग्रीनवॉशिंग' (पर्यावरणप्रेमाचं नुसतं सोंग) हा शब्द मात्र टॉवेलांवरूनच आला. हॉटेलं पर्यावरणाच्या नावाने टॉवेल पुन्हा वापरायला सांगतात आणि बाकी उधळपट्टी तशीच चालू ठेवतात, यावर जे वेस्टरवेल्ड या अमेरिकन पर्यावरणवाद्याने १९८६मध्ये एक लेख लिहिला, तिथून. तेव्हा बुकिंगआधी फोन कराल तेव्हा बांबूचे ब्रश नि काचेच्या बाटल्या यांत अडकू नका. दोनच गोष्टी विचारा: गरम पाणी कुठून येतं, आणि वापरलेलं पाणी कुठे जातं.

का ते हिशेबाने सांगते. टबात २०० लिटर पाणी लागतं असं धरा. डोंगरातलं पाणी ५ अंशांवर येतं, तुम्हाला ४० अंशांचं हवं. म्हणजे एका टबाला साधारण ८ युनिट ऊर्जा लागते. तेवढ्यात ८ वॅटचा दिवा हजार तास जळतो. 'आमच्याकडे सगळे एलईडी आहेत' हे कौतुकाने सांगणाऱ्याला हे ऐकवून बघा. एक किलोवॅटचं सौर पॅनेल चांगल्या उन्हाच्या दिवशी चार-पाच युनिट देतं, म्हणजे तुमच्या एका डुंबण्यासाठी त्याने दोन दिवस राबायचं. लाकडावर तापवलं तर टबामागे तीनेक किलो वाळलेलं लाकूड. बारा खोल्या, रोज एक टब, हा गुणाकार तुम्हीच करा आणि ते लाकूड कुठल्या उतारावरून येतं तेही विचारा. पाच मिनिटांच्या शॉवरला याच्या पाचव्या हिश्श्याएवढी ऊर्जा पुरते.

म्हणजे टबात बसूच नये असं नाही. मी बसते! पण छतावर सौर बंब आहे का, हीट पंप आहे का (तो एका युनिट विजेत दोन-तीन युनिट उष्णता देतो), ओढ्यावर छोटं जलविद्युत जनित्र आहे का, याचं उत्तर मालकाला तोंडपाठ असायला हवं. 'सगळं नैसर्गिक आहे, मॅडम' असं उत्तर आलं तर समजून घ्या.

एका ठिकाणी 'पूर्णपणे सौरऊर्जेवर' असं लिहिलं होतं. रात्री अकराला टेकाडामागून धडधड ऐकू आली. सकाळी चालत गेले तर पत्र्याच्या शेडमध्ये डिझेल जनरेटर, शेजारी तेलाने काळी पडलेली माती. दुसरीकडे मॅनेजरने न विचारता सांगितलं की सलग ढग राहिले तर संध्याकाळी दोन तास जनरेटर लावावा लागतो, आणि त्या दिवसांत टब बंद ठेवतो. मी पुन्हा जाईन अशा दोन जागांपैकी ही एक. डोंगरात बॅटरीवर सगळं निभत नाही. लिथियमच्या बऱ्याचशा बॅटऱ्या शून्याखाली चार्जही करू नयेत, त्यांची खोली उबदार ठेवावी लागते. जनरेटर असणं हा गुन्हा नाही, लपवणं खटकतं.

काचेच्या भिंतीचंही तेच. दुहेरी काचेतूनसुद्धा चांगल्या इन्सुलेशनच्या भिंतीपेक्षा आठ-दहा पट उष्णता बाहेर जाते. तीन बाजूंनी काच असेल तर ती खोली म्हणजे डोंगराला हीटर लावणं आहे. एक मोठी खिडकी आणि जाड पडदा असलेली खोली मिळत असेल तर ती घ्या. पहाटे तुम्हीच मला दुवा द्याल.

सांडपाण्याबद्दल विचारताना लोक संकोचतात. संकोचू नका. मैला पचवणारे जिवाणू थंडीत सुस्तावतात, त्यामुळे सखल भागातली सेप्टिक टाकी वर तशीच चालेल असं नाही. टाकी कुठे आहे, गाळ कोण उपसतं, तो खाली कसा नेतात, हे विचारा. तुमच्या टबातलं पाणी त्याच ओढ्याला मिळत असेल तर खालचं गाव तेच पितं.

सोंगं ओळखायची माझी आणखी एक खूण: कर्मचारी झोपतात कुठे ते बघायचं. पाहुण्यांच्या जमिनीखाली उबदार नळ्या आणि पोरांना पत्र्याची खोली, असं मी पाहिलंय. मोसम संपल्यावर त्यांना पगार असतो का, हेही विचारते.

प्रमाणपत्राचं थोडक्यात. ग्लोबल सस्टेनेबल टुरिझम कौन्सिल ही आंतरराष्ट्रीय संस्था शाश्वत पर्यटनाचे निकष ठरवते, पण हॉटेलांना स्वतः प्रमाणपत्र देत नाही. ते काम तिने मान्यता दिलेल्या संस्था करतात. तेव्हा नुसतं बोधचिन्ह दाखवलं तर कोणी दिलं आणि कुठल्या वर्षी, हे विचारा.

आणि 'दोन तास चालायला नको' म्हणून हेलिकॉप्टरचा पर्याय देतील. ते तासाला दीडशे-दोनशे लिटर इंधन पितं. पाव तासाच्या फेरीत जळणाऱ्या इंधनाच्या उष्णतेत चाळीस-पन्नास टब तापतील. पुढे काय बोलायचं?

आता सासूबाई. मला खरी काळजी इथेच वाटते. ३,००० मीटरवर प्रत्येक श्वासात ऑक्सिजन समुद्रसपाटीपेक्षा सुमारे ३० टक्के कमी मिळतो. एका वर्षी मी सखल भागातून एका दिवसात तेवढ्या उंचीवर गेले आणि पहिल्या दोन रात्री डोकं धरून पडून होते. टबाकडे बघूनही मळमळत होतं. सगळ्यात महागड्या दोन रात्री त्या. तुम्ही वाटेत २,५०० मीटरच्या आसपास दोन रात्री काढा, मग वर जा. पहिले दोन दिवस दारू नको. झोपेत श्वास मध्येच थांबून पुन्हा जोरात सुरू होतो, त्याने दचकायला होतं. त्या उंचीवर ते बऱ्याच जणांना होतं. पण बसल्या जागी धाप लागली, चालताना तोल गेला किंवा बोलणं असंबद्ध झालं तर सकाळची वाट न बघता खाली उतरवायचं. अ‍ॅसिटाझोलामाइड (उंचीचा त्रास टाळायचं औषध) घ्यायचं का, ते त्यांच्या डॉक्टरांनीच ठरवावं, विशेषतः रक्तदाबाच्या गोळ्या चालू असतील तर. ऑक्सिजन सिलिंडर आहे का, आणि रात्री माणसाला खाली कसं नेतात, हे रिसॉर्टला ईमेलवर लेखी विचारा.

पैशांचं म्हणाल तर दोन रात्रींच्या दोन सहलींपेक्षा चार रात्रींची एक बरी. तिसऱ्या दिवसापासून तिथे काही करावंसं वाटेनासं होतं, आणि मी तेवढ्यासाठीच जाते. गरम पाण्याबद्दल काय उत्तर येतं ते इथे टाका, मग टबाचं बघू.